हालकुडे सरांचं माध्यम

“मिस्टर हालकुडे, डिड यू टीच धिस स्टुडंट इन इंग्लिश?” जमेल तितका साहेबी आवाज काढून मी विचारलं.

“यस,” सर म्हणाले.

“पुढं?”

“पुढं काय? यस म्हणलो की.”

“एवढ्यावर ते सोडणार नाहीत, सर. पूर्ण वाक्य बोला. ऑल लेक्चर्स अँड प्रॅक्टिकल्स वेअर इन इंग्लिश.”

सरांनी ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं आणि एका जुन्या जर्नलच्या मागच्या पानावर देवनागरीत लिहून घेतलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, प्राणिशास्त्राचा विभागप्रमुख, आणि पाठांतराला बसलेल्या पोरासारखा माझ्यासमोर बसला होता. मला हसू येत होतं. हसायची ती वेळ नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता खरा प्रश्न येणार होता आणि माझं सगळं पुढचं त्या उत्तरावर अवलंबून होतं.

उदगीरच्या कॉलेजातून मी, जयमाला देवकते, एम.एस्सी. झाले होते. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठानं पीएच.डी.साठी माझी निवड केली होती, शिष्यवृत्तीही मंजूर झाली होती. अडलं होतं फक्त इंग्रजीपाशी. त्यांचा नियम असा, की एक तर इंग्रजीच्या परीक्षेत ठरलेले गुण मिळवा, नाही तर तुमची शेवटची पदवी पूर्णपणे इंग्रजी माध्यमातून झाल्याचं दाखवा. परीक्षा मी जूनमध्ये पुण्याला जाऊन देऊन आले होते. लिहिण्या-वाचण्यात निभावलं, बोलण्यात आपटले. “तुमच्या गावाविषयी सांगा,” असं तिथल्या परीक्षक बाईंनी विचारलं आणि मला उदगीरबद्दल चारच वाक्यं सुचली. त्यातली दोन सारखीच होती. साडेसहा हवे होते, पाच मिळाले.

मग राहिला दाखला. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाइडच्या गठ्ठ्याशेजारी या दाखल्याचाही गठ्ठा असायचा. ‘सदर विद्यार्थ्याचे शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते,’ एवढं छापलेलं, नाव घालायचं, शिक्का मारायचा. यात खोटं काही आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजीत, गुणपत्रिका इंग्रजीत. वर्गात फळ्यासमोर काय चालतं ते कोण विचारतंय? सरांनीही न वाचता सही ठोकली होती.

पण विद्यापीठानं विचारलं. दाखल्यावर सही करणाऱ्या शिक्षकांशी आम्हाला व्हिडिओ कॉलवर पंधरा मिनिटं बोलायचं आहे, अशी मेल आली आणि मी तडक सरांकडं धावले. कारण हालकुडे सर मराठीतच शिकवायचे. नुसतं मराठीत नव्हे, हट्टानं मराठीत शिकवायचे.

“सर, आणखी एकदा,” मी म्हणाले. “सेमिनार कोणत्या भाषेत व्हायचे?”

सर घुटमळले. कोपऱ्यात काचेच्या बरण्या पुसत असलेल्या शेषेरावमामांकडं त्यांनी पाहिलं. मामा आमच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट.

“इंग्लिश,” सर म्हणाले.

“बग की, सर कसं फाडफाड बोलायलेत,” मामा म्हणाले. मी हुश्श केलं.

त्या सेमिनारांचं सांगायला हवं. नियमाप्रमाणे एम.एस्सी.च्या प्रत्येकानं एका विषयावर सेमिनार द्यायचा आणि विभागप्रमुखांनी गुण टाकायचे. आमच्याकडं ते शनिवारी व्हायचे आणि गुण टाकायच्या आधी सर शेषेरावमामांना स्टुलावर आणून बसवायचे. मामा सातवी शिकलेले. त्यांना विषय समजावून सांगायचा, त्यांना पटेपर्यंत. ते शंका काढायचे, डोकं खाजवायचे, आणि “हां, आता बसलं डोक्यात,” म्हणाले की सर वहीत आकडा लिहायचे. तोवर नाही. आमच्या वर्गातला एक हुशार मुलगा जनुकांवर बोलताना चार शनिवार अडकला होता. चौथ्या शनिवारी तो रडला, पण पाचव्याला त्यानं मामांच्याच घरच्या नाकाडोळ्यांवरून सगळं उलगडून सांगितलं.

माझा विषय होता मेंढ्यांच्या काळजात होणारा चपटा किडा, लिव्हर फ्लूक. आमची देवकत्यांची मेंढरं माझ्या आजोबांपर्यंत होती, त्यामुळं मला वाटलं होतं, हे तर घरचंच. मी सांगितलं, मेंढीच्या लेंडीतून अंडी पाण्यात जातात, त्यातून पिल्लू निघतं, ते गोगलगायीत शिरतं, तिथं वाढतं, बाहेर पडून गवतावर चिकटून बसतं आणि ते गवत खाल्लं की परत मेंढीत.

“आता ह्ये गोगलगायीत कशाला जायलंय?” मामांनी विचारलं होतं. “सरळ गवतावर बसायला काय झालं त्याला? आन् तिथं गोगलगाई धा परकारच्या हायेत. ह्ये नेमक्या कोणत्या घरात शिरायचं ते त्याला कोण सांगतंय?”

मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकातही धड नव्हतं. सर खुर्चीत मागे रेलून इतके खूश झाले होते, की मला त्यांचा रागच आला होता. पण त्याच प्रश्नावर मी वर्षभर तळ्याकाठी गोगलगायी गोळा करत हिंडले आणि त्याच प्रश्नाचा प्रस्ताव करून स्कॉटलंडला पाठवला.

दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना सर कोट घालून आले. सप्टेंबरातल्या उकाड्यात कोट! मी लॅपटॉप बाकावर ठेवला, मागं कपाटावर ‘झूऑलॉजी’ लिहिलेली पाटी दिसेल असा कोन लावला आणि मी स्वतः कॅमेऱ्याच्या बाहेर, सरांना दिसेन अशी, सिंकपाशी बसले. शेषेरावमामा दाराबाहेर उभे राहून कुणाला आत येऊ देत नव्हते.

पडद्यावर दोघं आली. प्रवेश विभागातला एक तरुण आणि माझ्या होऊ घातलेल्या मार्गदर्शक डॉ. रॅमसे, पिकलेल्या केसांच्या. तरुणानं सरांचे आभार मानले, नाव, हुद्दा विचारला आणि मुद्द्यावर आला. या विद्यार्थिनीला तुम्ही इंग्रजीतून शिकवलंत का?

“यस,” सर म्हणाले. मी हातानं ‘पुढं, पुढं’ केलं. “ऑल लेक्चर्स अँड प्रॅक्टिकल्स वेअर इन इंग्लिश.”

परीक्षा? इंग्लिश. प्रबंध? इंग्लिश. तरुण समोर काहीतरी लिहून घेत होता. सरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण गाडं रुळावर होतं. तरुणानं कागद आवरलेसुद्धा. माझ्यापुरतं मी विमानात चढले होते.

तेवढ्यात डॉ. रॅमसे बोलल्या. फार गोड बोलल्या. त्या म्हणाल्या, मला भाषेबद्दल काही विचारायचं नाही, नुसतं कुतूहल आहे. जयमालाच्या प्रस्तावातला प्रश्न इतका सरळ आणि इतका चांगला आहे, की आमच्याकडचे विद्यार्थी असा प्रश्न विचारत नाहीत. हे तुम्ही त्यांना कसं शिकवता?

सरांनी कोटाची बटणं सोडली. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

मी हातवारे केले, मान हलवली, शेवटी ओठांवर बोट ठेवलं. सर माझ्याकडं बघतच नव्हते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, काळाचं-वचनाचं काहीएक भान न ठेवता, ते सांगायला लागले. एव्हरी सॅटर्डे. वन मॅन, शेषेराव. सेव्हन्थ पास ओन्ली. ही सिट्स ऑन स्टूल. स्टुडंट एक्स्प्लेन, ही आस्क. मेंढीला काय म्हणतात ते आठवेना तेव्हा त्यांनी ‘बें बें’ करून दाखवलं. डॉ. रॅमसे खळखळून हसल्या, सरही हसले. मामांचा गोगलगायीचा प्रश्न त्यांनी जसाच्या तसा सांगितला, हातांनी गोगलगाय करून सांगितला. गेली दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते, पण त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

तरुण मात्र हसला नाही. त्यानं अगदी अदबीनं विचारलं, म्हणजे सेमिनार मराठीत होत असत?

“ऑफ कोर्स,” सर म्हणाले. “शेषेराव डझ नॉट नो इंग्लिश.”

“अँड द लेक्चर्स, सर?”

आता मात्र सरांनी माझ्याकडं पाहिलं. चांगलं दोन-तीन सेकंद पाहिलं. मी हात जोडले. खरंच जोडले, देवासमोर जोडतात तसे.

“लेक्चर्स ऑल्सो,” सर पडद्याकडं वळून म्हणाले. “फर्स्ट मराठी. देन दे राइट इंग्लिश.”

तरुणानं आवरलेले कागद परत उघडले.

दहा मिनिटांत मेल आली. माध्यमाच्या आधारे सूट देता येत नाही. तीस ऑक्टोबरपर्यंत परीक्षेचे गुण पाठवल्यास जागा राखून ठेवू. डॉ. रॅमसे यांनी खाली एक ओळ स्वतःची घातली होती, की त्यांना मनापासून आशा आहे. त्या ओळीचं मी काय करणार होते?

“सर, एक वाक्य होतं,” मी म्हणाले. “काल वीस वेळा घोकलं तेच परत म्हणायचं होतं.”

सर कोट काढून घडी घालत होते. “विचारलं ना त्यांनी. मग सांगितलं.”

“कशाला? खरं बोलायला? दाखल्यावर सही करताना कुठं गेलं होतं खरं?”

“तवा वाचलोच नव्हतो.”

“तुम्हाला फुशारकी मारायची होती! गोऱ्या बाईनं कौतुक केलं आणि तुम्ही वाहून गेलात. माझं काय व्हायचं ते होवो.”

मामा आत आले. “बाई, असं बोलू नये सरांला,” ते म्हणाले.

“तुम्ही मध्ये पडू नका,” मी म्हणाले. “तुमच्यामुळंच झालंय सगळं.”

हे वाक्य मी उच्चारलंय. चौदा वर्षं झाली, पण दुसऱ्या कुणाच्या नावावर ते ढकलता येत नाही. मामा बरण्यांच्या कपाटाकडं गेले आणि मी लॅपटॉप काखेत मारून निघून आले. पुढचे दीड महिने मी कॉलेजच्या रस्त्यानंही गेले नाही.

लातूरला एक क्लास होता, फक्त याच परीक्षेचा. तिथं मावशीकडं राहून मी तीन आठवडे काढले. क्लासवाले भारी व्यवहारी माणूस. ते म्हणायचे, “परीक्षेत खरं सांगायच्या भानगडीत पडू नका. खऱ्या गोष्टीला शब्द सापडत नाहीत, माणूस अडखळतो आणि गुण जातात. सोपं सांगा.” त्यासाठी त्यांनी सगळं तयारच ठेवलं होतं. आवडता प्रवास म्हणजे समुद्रकिनारा, आवडता छंद म्हणजे वाचन, आणि आवडत्या शिक्षिका म्हणजे मिस डिसोझा. मिस डिसोझा निळी साडी नेसत, हळू आवाजात बोलत, आणि त्यांनी गोष्टींतून माझ्या मनात इंग्रजीची गोडी निर्माण केली. त्या वर्षी लातूरहून परीक्षेला बसलेल्या सगळ्यांनाच मिस डिसोझांनी शिकवलं होतं. मी त्यांना इतकं पाठ केलं, की त्या मला स्वप्नात दिसायला लागल्या.

परीक्षा हैदराबादला होती. बोलायच्या खोलीत समोर एक वयस्क गृहस्थ, मध्ये टेपरेकॉर्डर. त्यांनी माझ्यासमोर कार्ड सरकवलं. ‘तुमच्यावर प्रभाव टाकणाऱ्या एका शिक्षकाविषयी सांगा.’ विचार करायला एक मिनिट, टिपण करायला कागद-पेन्सिल.

मी कागदावर ‘हालकुडे सर’ असं लिहिलं. ठरवून नाही, हातानंच लिहिलं. त्याखाली ‘शनिवार’, त्याखाली ‘शेषेराव’. मग मनात वाक्य जुळवायला गेले. ‘बसलं डोक्यात’ याला काय म्हणायचं? सर हट्टी आहेत, पण चांगल्या अर्थानं, हे कसं म्हणायचं? चार शनिवार अडकलेला तो मुलगा, सरांचा खूश झालेला चेहरा, सिंकपाशी मी जोडलेले हात, हे सगळं कोणत्या टोकानं धरायचं? मिनिट संपत आलं. समोरच्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. मी तिन्ही शब्दांवर आडवी रेघ मारली आणि मिस डिसोझांना बोलावलं.

दोन मिनिटं मी कुठंही अडखळले नाही. निळ्या साडीपाशी तर चक्क हसले. बोलण्यात सात मिळाले.

दिवाळीच्या आठवड्यात मी पेढे घेऊन सरांच्या घरी गेले. जायचं की नाही याचा दोन दिवस विचार केला. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, “जाऊन पाया पड आणि मुकाट्यानं ये,” असं बजावलं तेव्हा निघाले. काकूंनी दार उघडलं. सर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. मी वाकले.

“सर, मी त्या दिवशी नको ते बोलले.”

“मामाला भेट,” सर म्हणाले. “त्याला लागलंय ते. मला काय, तू बरोबरच बोललीस. फुशारकीच होती.” चष्मा काढून त्यांनी पेपरवर ठेवला. “एकतीस वर्षं झाली शिकवायला लागून. तपासणीला लोकं येतात, हजेरीपट विचारतात, निकालाची टक्केवारी विचारतात. तू कसं शिकवतोस बाबा, हे एकानं विचारलं नाही. त्या बाईनं विचारलं. मग कसं म्हणू, की तसलं काही झालंच नाही?”

मी खाली बघत होते. काकूंनी करंज्यांची ताटली आणि चहा आणून ठेवला आणि त्याही बसल्या.

“पास झालीस म्हणे,” सर म्हणाले. “बोलायला काय विचारलं?”

खोटं बोलायला तिथंच सुरुवात झाली असं नाही. पण ते विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

“एका शिक्षकाविषयी बोलायला सांगितलं.”

सरांनी चष्मा परत घातला. “मग?”

“तुमच्याविषयीच बोलले, सर.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. सरांनी करंज्यांची ताटली माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, “म्हणून दाखव की. तिथं बोललीस तसंच. इंग्लिशमध्येच.”

माझ्याजवळ घोकलेलं काही नव्हतं. कार्ड नव्हतं, मिनिटभर वेळ नव्हता. मी सुरू केलं. एव्हरी सॅटर्डे, म्हणाले. शेषेरावमामांचं स्टूल सांगितलं. चार शनिवार अडकलेला मुलगा सांगितला. ‘बसलं डोक्यात’ला शब्द मिळेना म्हणून तसंच मराठीत ठेवलं. गोगलगायीचा प्रश्न सांगितला, आणि सांगता सांगता कळलं, की त्या कॉलवरच्या सरांच्या इंग्रजीहून माझं इंग्रजी काही फार चांगलं नाही; पण थांबावंसं वाटत नव्हतं. शेवटी सरांपाशी आले. अँड माय टीचर, मी म्हणाले. माय टीचर... आणि पुढं आवाजच फुटेना. दोन-तीनदा प्रयत्न केला. मग पाणी प्यायले आणि गप्प बसले.

“चुका बऱ्याच केल्यास,” सर म्हणाले.

“हो, सर.”

“तरी सात दिले?”

“दिले.”

“चांगली माणसं असतील.”

खरं काय ते मी त्यांना पुढं कधीच सांगितलं नाही. स्कॉटलंडहून पाठवलेल्या एकाही पत्रात नाही. सहा वर्षांपूर्वी ते गेले.

“मला मेलीला काय कळतंय इंग्रजी,” त्या दिवशी काकू म्हणाल्या. “काय म्हणाली हो ती?”

“शेषेराव फार हुशार आहे म्हणाली.”

“आणि तुमच्याबद्दल?”

“ते तिनं तिकडं सांगितलंय,” सर म्हणाले.